विस्मरणानंतरचे स्मरण

जीव हा विस्मरणशील आहे. आज ऐकलेले उद्या निसटते, हा त्याचा स्वभावच होय. म्हणून सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मार्गात स्मरणाला नित्यविधीचे स्थान आहे. निसटलेले पुन्हा आठवीत राहणे हा धीर, आणि ते आठवेल हा भरवसा ही श्रद्धा. महामारीनंतर शाळा उघडल्या तेव्हा या दोहोंची कसोटी लहान मुलांच्या वर्गात लागली.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. सोलापुरात यंत्रमाग थांबले, विड्यांचे काम थांबले आणि त्या घरांतील मुलेही घरात अडकली. अनेकांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड. मराठी शाळेत शिकणाऱ्यांना ग्रंथांची मराठी प्रायः शाळेतच भेटे. परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर संकेताने पाठ्यपुस्तकातील धडा घरी पोहोचविण्याची वाट दाखविली होती, व त्यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कारही मिळाला. परंतु ज्या घरी फोनच नाही, तेथे ती वाट पोहोचत नव्हती. शासनाने नोव्हेंबर २०२० पासून वरचे वर्ग उघडण्यास अनुमती दिली. दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून उघडू लागलेल्या शाळा जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकदा मिटल्या. दुसरीत असताना घरी गेलेले मूल परतले ते चौथीत बसले. त्याला जोडाक्षर वाचवेना. कोणी कामाला लागले होते, कोणा मुलीचे लग्न लागले होते. त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या.

येथे कोणी शंका घेईल : साधकाला विजन विहित आहे, मग मुलांना एकांत घडला, त्यात हानी कोणती? समाधान असे : विजन स्वेच्छेने स्वीकारावयाचे असते, आणि तेही श्रवण झाल्यावर. ज्याने ऐकलेच नाही, तो एकांतात बसून आठवणार काय? कोंडलेपण आणि विजन यांत हा भेद आहे.

आता पूर्वजांचे आचरण पाहावे. म्हाइंभटांनी साक्षीदारांना गाठून, त्यांच्याकडून ऐकून लीळा संकलित केल्या. पुढे खालशाच्या धाडीत ती पोथी नाहीशी झाली. अशा वेळी मार्गातील मंडळी पोथी गेली म्हणून नुसती शोक करीत बसली नाहीत आणि आपल्या विस्मरणाला दोषही देत बसली नाहीत. हिराइसा, परशरामबास आदींना जे आठवत होते, त्यातून पाठ पुन्हा सिद्ध झाले. एकाचे दुसऱ्याशी जुळले नाही, तेथे पाठभेद नोंदले गेले. कोणाची आठवण उणी म्हणून ती टाकली गेली नाही.

परतलेल्या मुलाकडे याच दृष्टीने पाहावे. त्याच्याजवळ जे अक्षर उरले आहे, तोच त्याचा पाठ. तेथून आरंभ करावा. इयत्तेच्या मानाने तो उणा आहे असे म्हणून जो शिक्षक वा पिता रागावतो, तो उरलेलेही घालवितो. कारण भ्यालेल्या जीवाला स्मरण होत नाही. आणि जो ‘परमेश्वर पाहून घेईल’ म्हणून स्वस्थ बसतो, तो आपल्या आळसाला श्रद्धेचे नाव देतो. साधनाचे प्रयत्न जीवानेच करावयाचे असतात.

तेव्हा चौथीत बसलेले मूल आता माध्यमिक शाळेत गेले आहे. पाया कच्चा राहिला असेल तर ती उणीवही त्याच्यासोबत वर गेली आहे. म्हणून वासनिकांनी आपल्या मुलाबरोबर शेजारचे मूलही वाचावयास बसवावे. आश्रमात दंडवत करण्यास येणाऱ्या बालकाकडून साधूंनी एक पान वाचवून घ्यावे; ते अडखळले तर थांबावे, पुन्हा वाचू द्यावे. आणि जे मूल शाळेत परतलेच नाही, त्याच्या दारी आपण जावे. जे विखुरले आहे ते शोधीत जाण्याची वाट म्हाइंभटांनी आधीच चालून दाखविली आहे.