रेवडीवरची कुस्ती

आमच्या भागात जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो, तेव्हा सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट कसून मातीत उतरतात. जिंकेल त्याला मूठभर रेवड्या, हरेल त्याच्याही हातावर पंच एक-दोन ठेवतातच. माझी पहिली कुस्ती अशीच झाली. वडील तेव्हा येलदरीच्या धरणावर मजुरीला होते. 1958 साली सुरू झालेलं ते काम 1968 पर्यंत चाललं, त्यामुळे माझं सगळं बालपण दगड, चुना आणि पूर्णेचं पाणी यांच्यातच गेलं. त्या दिवशी मी पडलो. कोपर सोललं, तोंडात माती गेली. पण अंगात होतं नव्हतं ते सगळं मी त्या कुस्तीत घातलं होतं.

त्याच फडात संध्याकाळी शेवटची कुस्ती होती. दोघंही नावाजलेले मल्ल, गावानं वर्गणी काढून बोलावलेले. दोघांनी माती कपाळाला लावली, सलामी झाली आणि खडाखडी सुरू झाली. हात हातात, मान मानेला, पण डाव कुणीच टाकेना. हलगी वाजत राहिली. अर्ध्या तासानं पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. ही नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती आहे, हे तोवर बायाबापड्यांनाही कळलं होतं. वडील उठले, माझा हात धरून निघाले. वाटेत एवढंच म्हणाले, "माती कपाळाला लावली होती ना दोघांनी? मग?"

तो प्रश्न मला पुन्हा आठवला तो साता समुद्रापार. 2022 च्या फेब्रुवारीत मी लेकीकडे अमेरिकेत होतो. रविवारी दुपारी जावईबापूंनी टीव्हीवर तिकडच्या फुटबॉलचा एक सामना लावला. तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा पायाचा नाही. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं, हा त्याचा गाभा. हा सामना 'प्रो बोल', म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंचा. प्रेक्षक, खेळाडू आणि प्रशिक्षक या तिघांच्या मतांतून ही निवड होते. 1951 पासूनची ही परंपरा, आणि 1980 पासून कितीतरी वर्षं तो हवाई बेटांवर भरायचा. निवड होणं हा मोठा मान. पण त्या दिवशी कुणी कुणाला पाडतच नव्हतं. चेंडूवाल्याला हलकेच कवेत घ्यायचं, पंचानं शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी थांबायचं. 41-35 असे गुण झाले, पण ते कशाचे हे सांगता येत नव्हतं. जावईबापू म्हणाले, "मामा, हे बंदच करायला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देतो, कारण हा प्रश्न अमेरिकेचा नाही आणि फुटबॉलचाही नाही. ज्या कामातून काही मिळवायचं उरलेलं नाही, ते काम माणसानं कसं करावं, असा हा प्रश्न आहे.

आपण पटकन म्हणतो, फळाची आशा नाही म्हणजे हे निष्काम कर्मच झालं. तसं ते नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नेमून दिलेलं काम मोहानं टाकून देणं हा तामस त्याग. शरीराला कष्ट होतील या भयानं टाकणं हा राजस, आणि अशा माणसाला त्यागाचं फळ लाभत नाही. काम पुरं करायचं आणि आसक्ती व फळ तेवढं सोडायचं, हा सात्त्विक. कितीदा वाचलेला हा भाग मला त्या टीव्हीसमोर नव्यानं उमगला. त्या मैदानावर फळावरचा हक्क कुणी सोडला नव्हता. जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला हजारो डॉलर मिळणारच होते. सोडलं होतं ते कर्म. फळ ठेवून कर्म सोडायचं, हे गीतेच्या अगदी उलट झालं.

पण त्या खेळाडूंना मी दोष देणार नाही. त्यांचं भय खरं आहे. रॉबर्ट एडवर्ड्स नावाच्या तरुणानं 1998 मध्ये तिकडच्या व्यावसायिक लीगमधल्या पहिल्याच हंगामात एक हजाराहून अधिक यार्डांची धाव घेतली. 1999 च्या फेब्रुवारीत याच सोहळ्यासाठी तो हवाईला गेला. तिथे वायकिकीच्या वाळूत नवख्या खेळाडूंचा एक मौजेचा सामना ठेवला होता. त्यात त्याचा गुडघा असा निखळला, की पाय कापावा लागतो की काय, अशी भीती डॉक्टरांना वाटली. पुन्हा त्या लीगमध्ये उतरायला त्याला 2002 साल उजाडलं. ज्याच्या पायावर घर चालतं, त्यानं मौजेच्या खेळात पाय सांभाळला तर तो भित्रा कसा? वडिलांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्या मल्लांच्या मनातही पुढच्या महिन्यातली मोठी कुस्ती असेल, हे मला आता कळतं.

मग वाट कोणती? ती मला पोळ्यात दिसते. श्रावणातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे हळद आणि तुपानं मळतो, त्यांना जेवायचं आवतण देतो. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायची, झूल घालायची, वाजतगाजत तोरणाखालून न्यायचं, पुरणपोळी भरवायची. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. वर्षभर राबलेल्याचा तो मान आहे, आणि त्याच्याकडून त्या दिवशी कामाची अपेक्षा नाही. पोळ्याला बैल रिकाम्या शेतातून औतासकट फिरवून नांगरणी केल्याचा देखावा कुणी करत नाही. केला असता तर बैलाचा मानही गेला असता आणि नांगराचाही. मान निराळा आणि काम निराळं, हे ज्या शेतकऱ्यांना कळतं त्यांना 'प्रो बोल'ची अडचण सहज कळेल. तिकडे मान देण्यासाठी बोलावलं आणि खोटं औत खांद्यावर दिलं.

लीगच्या चालकांनाही ते उमगलं असावं. 2022 च्याच सप्टेंबरात त्यांनी हा पाडापाडीचा सामना थांबवला. 2023 पासून खेळाडूंच्या कमरेला फडक्याच्या पट्ट्या लावतात. पट्टी ओढली की पळणारा थांबला. दुखापत अशा हलक्या, मौजेच्या खेळातही होऊ शकते, एडवर्ड्सची गोष्ट तेच सांगते. पण पळणाऱ्याला इथे पूर्ण वेगानं पळता येतं आणि ओढणाऱ्याला मनापासून झडप घालता येते. नियम हलके झाले, म्हणून खेळ खरा होऊ शकला. हा बदल मला प्रामाणिक वाटतो.

पण माझं मन एवढ्यावर थांबत नाही. काही मिळवायचं नसताना केलेली कृती पोकळच असते का? ब्रह्मसूत्रांत हाच प्रश्न ईश्वराबद्दल येतो. त्याला काहीच कमी नाही, मग त्यानं जग का मांडलं? उत्तर आहे, लीला. शंकराचार्य भाष्यात राजाचा दाखला देतात: ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत तोही खेळतो, काही हवं म्हणून नव्हे. आणि दुसरा दाखला श्वासाचा, जो कुठलाही हेतू न धरता चालतो.

हे मी धरणावर पाहिलं आहे. कित्येक पावसाळे असे गेले की येलदरीची दारं उघडलीच नाहीत. तळाशी चिखल, वर ऊन. मग एखाद्या वर्षी पाणी काठोकाठ चढतं आणि दारं वर उचलतात. वीजघरातून जाणारं पाणी काम करून सिद्धेश्वर धरणाकडे जातं. दारांतून कोसळणारं पाणी एकही चक्र फिरवत नाही. तरी जिंतूर-सेनगावकडून माणसं ते बघायला येतात, नारळ वाहतात, आणि म्हातारी माणसं हात जोडतात. ते पाणी नुसतं दाखवण्यासाठी पडत नाही. आत मावत नाही म्हणून पडतं. धरण अर्धं असताना कुणी दार उघडून धबधबा दाखवला, तर तो लीला नव्हे, उधळपट्टी.

म्हणून जावईबापू, माझं उत्तर असं आहे. मान ठेवा, तो बंद करू नका. राबणाऱ्याला वर्षातून एक दिवस तोरणाखालून जाऊ द्या. ज्याचं अंग सांभाळायचं आहे त्यानं मान घ्यावा आणि बाजूला बसावं, त्यात कमीपणा नाही. पण ज्यानं माती कपाळाला लावली, त्यानं खेळावं. बक्षीस लहान असलं, नसलं तरी चालेल. खेळ अर्धा असलेला चालणार नाही.

त्या जत्रेच्या रात्री मी घरी आलो, तेव्हा पंचांनी दिलेल्या दोन रेवड्या मुठीतच होत्या, घामानं चिकट झालेल्या. आईनं विचारलं, "पाडलंस का रे?" मी म्हटलं, "नाही. पण लई खेळलो." तिनं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि देवापुढे ठेवल्या.