दुसऱ्याच्या पदरचा नवस

मानवत गावातील कापसाच्या बाजारपेठेलगत एखाद्या बोळात गोट्यांचा डाव ऐन रंगात आलेला असावा, वितीने अंतर मोजताना तंटा पेटावा, कोणी कोणावर रडीचा आरोप करावा, आणि या गदारोळात थोरल्या भावामागे आलेला पाच वर्षांचा पोर मात्र सर्वानुमते कच्चे लिंबू ठरून, कितीही चुकला तरी बाद न होता, मोठ्या गांभीर्याने आपली गोटी टाकीत राहावा, हे दृश्य महाराष्ट्रात कोठेही दिसते. परंतु मनुष्यात नीतिविचार कसा वाढतो याचे चिंतन करणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष करू नये. लहानग्याला डावात घ्यावयाचे, पण त्याच्या चुकीचा हिशेब धरावयाचा नाही, हा न्याय त्या पोरांना कोणा पंडिताने शिकविलेला नसतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने ८२ व ८३ या कलमांत तोच मान्य केला: सात वर्षांखालील मुलाचे कृत्य हा गुन्हाच नव्हे, आणि सात ते बारा या वयात त्या कृत्याचे स्वरूप व परिणाम उमजण्याइतकी समज त्यास आली होती की नाही, हे पाहावे. नव्या न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांचा गोट्यांचाच खेळ तपासला. लहान मुलांना खेळाचे नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले व अढळ वाटत. दहाबारा वर्षांची मुले, सर्वांची संमती असेल तर नियम बदलता येतो, असे म्हणत. नकळत पंधरा पेले फोडणारा मुलगा अधिक दोषी, की चोरून खाऊ काढताना एकच पेला फोडणारा, या प्रश्नावर लहानगी पेले मोजीत आणि मोठी मुले हेतू पाहत. अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ पासून नीतिविचाराची ही शिडी प्रौढ वयापर्यंत नेली. तिच्या सर्वांत खालच्या दोन पायऱ्या म्हणजे शिक्षेचे भय आणि देवघेव. ही मांडणी मला जरा अतिरेखीव वाटते, आणि ती केवळ मुलग्यांच्या मुलाखतींवर उभारली गेली हा कॅरल गिलिगन यांचा १९८२ सालचा आक्षेप रास्त आहे. तथापि खालच्या पायऱ्या वयाबरोबर आपोआप सुटत नाहीत, हे मात्र मान्य केले पाहिजे.

त्याचा दाखला दुर्दैवाने मानवतनेच पाहिला. १९७२ ते १९७४ या अवधीत येथे कोवळ्या मुलींचे व स्त्रियांचे एकामागून एक खून पडले; पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तहकीकात केली; आणि पिंपळावरील मुंजाला प्रसन्न करून गुप्तधन व संतती मिळवावी या हेतूने हे बळी दिले गेले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. सबंध गावाचे नाव त्या प्रकरणाला चिकटले, हा गावावर अन्याय आहे. ज्या घरांतील लेकी गेल्या ती घरे याच गावची होती. खटल्यात उभे राहिलेले इसम वयाने प्रौढ, संसारी होते. सात वर्षांचे कलम त्यांना लागू पडण्याजोगे नव्हते.

असा बळी हाही एक नवसच; परंतु नवस हा माझ्या मते मुळात हीन प्रकार नव्हे. लेकराचा ताप उतरला तर अनवाणी दर्शनाला येईन असे म्हणणारी आई आपलेच पाय पोळून घेते. व्यवहार देवघेवीचाच असला, तरी देणे तिच्या पदरचे असते, आणि त्या देण्यातूनच पुष्कळदा देवघेव मागे पडून भक्ती उरते. नरबळीत मात्र घेणे आपले आणि देणे दुसऱ्याच्या पदरचे. गोट्यांच्या डावातील दहा वर्षांचे पोरही भिडूची गोटी त्याला न विचारता पणाला लावीत नाही; लावलीच तर रडी म्हणून त्याला डावाबाहेर काढतात. येथे ज्यांचे प्राण पणाला लागले त्या मुलींना विचारणारे कोणी नव्हते. धर्मबुद्धी म्हणून जिचा गौरव करावा ती बुद्धी या ठिकाणी बोळातल्या पोरांच्याही मागे राहिली होती, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. नरबळीविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१३ सालचा कायदा आवश्यकच होता. पण कायदा भयाच्या पायरीवर बोलतो, आणि भय गुप्तधनाच्या लोभापुढे टिकेलच याची शाश्वती नाही.

न्यायाला मात्र भयाच्या वरच्या पायरीवरूनही बोलता येते, आणि याच प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल मला म्हणूनच मननीय वाटतो. असल्या कृत्यांविषयी कोणाही सहृदय माणसाचे मन संतापाने भरून यावे. तरीही माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र पुराव्याची पुष्टी हवी, हा दंडक न्यायालयाने सैल होऊ दिला नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने २३५ व्या कलमात एक नवे कर्तव्य न्यायाधीशावर घातले होते: दोषी ठरलेल्या इसमाचेही म्हणणे शिक्षा ठोठावण्यापूर्वी ऐकून घ्यावे. मुलींच्या मरणाचा हिशेब करताना न्यायालयाने त्या कर्तव्याचाही विचार केला, आणि खालच्या न्यायालयात ते राहून गेले असेल तर वरिष्ठ न्यायालयाला स्वतः त्या इसमाचे म्हणणे ऐकून घेता येईल, असा निर्वाळा दिला.