सणाचे ऋण

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण पणत्या लावतो, तेव्हा खजुरीच्या उत्तरेला, उमरग्याच्या हमरस्त्यावर मालट्रका धावतच असतात. फराळाची साखर, रवा, मुलांचे शिवकाशीचे फटाके असेच रस्त्याने येतात. ज्याने आपली दिवाळी दारापर्यंत आणली, त्याची दिवाळी मात्र धाब्यावरच्या बाजेवर. भाडे चुकते केले म्हणजे हे ऋण फिटले काय?

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचा दिवस ८ तासांचा ठरवला होता. पण लांबच्या मार्गांसाठी आणि सणासुदीसाठी, मंजुरी घेऊन, १० तासांची मुभा ठेवली होती. म्हणजे जो सण इतरांना सुट्टी देतो, तोच याचे काम वाढवतो!

श्रमाला पूजा मानणारा कायकाचा विचार बाराव्या शतकात बसवेश्वरांनी आपल्या शेजारच्या कल्याणात रुजवला. पण कायक हे स्वतः आचरायचे व्रत आहे. दुसऱ्याला राबवण्याची ती सबब नव्हे.

पैशाने खेप विकत घेता येते, लेकरांजवळची संध्याकाळ नाही. ती परत देणे आपल्या हाती नाही. पण 'उद्या सकाळीच माल हवा' हा हट्ट सोडणे आहे. चार दिवस आधी मागणी नोंदवणारा व्यापारी आणि वेळेत बाजार करणारे गिऱ्हाईक मिळून एखाद्या चालकाला पाडव्याआधी घरी पोचवू शकतात. एवढे तरी आपल्याला साधावे.