खिडकीचे माप आणि उपाधीचा प्रश्न

विंडोजमध्ये संगणकाला अक्षरांत आज्ञा लिहून देण्याची जी खिडकी कमांड प्रॉम्प्ट म्हणून ओळखली जाते, तिच्या गुणधर्मांतील ‘लेआउट’ या पानावर मापांच्या दोन जोड्या असतात: एक ‘विंडो साइझ’ची, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या भागाची, आणि दुसरी ‘स्क्रीन बफर साइझ’ची, म्हणजे खिडकी स्मृतीत धरून ठेवते त्या सगळ्या मजकुराची. विंडोज 7 मध्ये मुळात पहिली 80 स्तंभ व 25 ओळींची असे आणि दुसरी 300 ओळींची. दिसणे आणि असणे यांना असे वेगवेगळे आकडे मिळाले, की अद्वैत वेदान्तातील एक जुना प्रश्न समोर उभा राहतो: मर्यादा वस्तूची, की उपाधीची, म्हणजे जवळ राहून स्वतःचा धर्म वस्तूवर भासवणाऱ्या परक्या गोष्टीची?

गौडपादांच्या घटाकाशाच्या दृष्टान्तात घडा आकाशाला मर्यादित करतो असे वाटते, पण आकाशाचे काहीच बदलत नाही. भामती परंपरेचा अवच्छेदवाद याच दृष्टान्ताच्या आधाराने जीवाचे स्वरूप सांगतो. खिडकी ओढून उंच केली की अधिक ओळी दिसतात आणि मजकूर तेवढाच राहतो, इथवर तो चपखल बसतो. युनिक्स घराण्यातील प्रणालींत मात्र माप बदलताच ‘सिगविंच’ हा संकेत आतील प्रोग्रॅमला जातो, प्रोग्रॅम नवी रुंदी विचारून घेतो, आणि 80 स्तंभांत तीन तुकडे झालेली 200 अक्षरांची ओळ 100 स्तंभांत दोनच तुकड्यांत मांडतो. फाइलमधली ओळ अखंडच असते. पाणी हलले की प्रतिबिंब हलते, सूर्य हलत नाही, असे मानणारा विवरण परंपरेचा प्रतिबिंबवाद येथे अधिक खरा वाटतो. या 80 स्तंभांचा वारसा 1928 च्या आयबीएमच्या छिद्रपत्राकडे जातो. तरी ओळीची ती स्वाभाविक लांबीच आहे असे पुष्कळांना वाटते, आणि एकाचा धर्म दुसऱ्यावर लादण्याच्या या भ्रमालाच शंकराचार्य अध्यास म्हणतात.

तथापि बफर 300 ओळींचा असताना 301 वी ओळ आली की पहिली पुसली जाते, आणि नंतर खिडकी कितीही वाढवली तरी ती परत मिळत नाही. आज्ञेचे उत्तर फाइलमध्ये उतरवले नसेल, तर त्या ओळीला दुसरे घरच नव्हते. म्हणून ‘ही केवळ उपाधी’ हे समाधान बिंब अन्यत्र सुरक्षित असेल तेव्हाच प्रामाणिक ठरते; वेदान्त्याला ते ब्रह्माविषयी निःशंक म्हणता येते, नश्वर ओळीविषयी नाही.