जॅकमध्ये हवा मारू नका

पावसाळा सरला, की सावंतवाडी परिसरातल्या चिरेखाणींना पुन्हा जाग येते आणि गॅरेजांसमोर डंपर, ट्रॉल्या, जेसीबी येऊन उभे राहतात. चार महिने उघड्यावर राहिलेल्या या यंत्रांवर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळलेला असतो. हायड्रॉलिक जॅकच्या रॉडवरच्या क्रोमला बारीक खड्डे पडून गंज धरतो, ऑइलमध्ये शिरलेले पाणी सिलिंडरला आतून खाते, सील चिकटतात. रॉड जाम होतो. आणि गाडीमालक म्हणतो, "मिस्त्र्यानू, सांजेपर्यंत गाडी व्हयी."

पुढचे सगळे या घाईतून घडते. घण मारून रॉड हलला नाही, की कोणीतरी कॉम्प्रेसरची नळी ओढून आणतो. हवा मारली की रॉड सुटतो, बहुतेक वेळा. त्या 'बहुतेक'वर आपण मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराचा जीव पणाला लावतो. याला निष्काळजीपणा म्हणणे अपुरे आहे. हा अन्याय आहे, कारण रॉडच्या तोंडासमोर गाडीचा मालक कधीच उभा नसतो.

हिशेब साधा आहे. शंभर मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो दाबाची हवा सोडली, तर मागून सुमारे सहाशे किलोंचा रेटा बसतो. हवा दाबली जाते, म्हणून तिच्यात जोर साठतो. रॉड सुटला की ती फुगत जाते आणि त्याला शेवटपर्यंत ढकलत बाहेर फेकते. ऑइल जवळजवळ दाबलेच जात नाही. रॉड जरासा सरकला, की ऑइलचा दाब उतरतो आणि रॉड तिथेच थांबतो. गॅस मारून तापवणे तर त्याहून वाईट. तोंडे बंद असलेल्या सिलिंडरात ऑइलची वाफ कोंडून स्फोट होऊ शकतो, आणि काही जातींच्या रबराचे सील जळले तर हाडापर्यंत पोचणारे आम्ल तयार होते.

योग्य रीत अवघड नाही, तिला वेळ लागतो एवढेच. आधी वरचा भार भक्कम टेकूवर घ्यायचा, साचलेला दाब सोडायचा, मग जॅक उतरवायचा. तो साखळीने जखडून आडवा ठेवायचा, रॉडचे तोंड जाड भिंतीकडे, त्या रेषेत कोणीही नको. गंजात मुरणारे तेल सोडून रात्रभर थांबायचे. मग मागच्या बाजूने ऑइल भरून हवेचा शेवटचा बुडबुडाही काढायचा. हवा राहिली तर धोकाही राहिला. पुढच्या बाजूचे तोंड उघडे ठेवायचे आणि हँडपंपाने, गेजवर नजर ठेवून, जॅकच्या मर्यादेतच हळूहळू दाब वाढवायचा. गळती बोटाने चाचपायची नाही. सुईएवढ्या भोकातून सुटलेली ऑइलची धार कातडीखाली शिरते, बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते. पण तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जातो. अशा पोराला मलमपट्टी करून घरी पाठवू नये, तडक गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यावे.

"वीस वर्षं हवाच मारतोय, काय झालं?" हे उत्तर ठरलेले असते. ते ज्यांना काही झाले नाही त्यांचे उत्तर आहे. ज्यांना झाले, त्यांना आपण नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. 1948 चा कारखाने अधिनियम यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, दहा वा अधिक कामगारांच्या जागांसाठी लिहिला गेला. दोन पोरांच्या गॅरेजला त्याचे छत्र मिळालेच नाही. म्हणून इथे जबाबदारी माणसांनीच उचलली पाहिजे, आणि मिस्त्रीच्या आधी गाडीमालकाने. कामाची मुदत तोच ठरवतो. जाम जॅक सोडवायला दोन दिवस लागणार हे त्याने मान्य करावे, दोन्ही दिवसांची मजुरी द्यावी, आणि गाडी सोपवतानाच मिस्त्रीला स्पष्ट सांगावे: उशीर झाला तरी चालेल, हवा मारायची नाही.