खोडणं आणि पुसणं

आमच्या घरी सिनेमांची एक छापील यादी आहे. सध्या तिची सातवी आवृत्ती चालू आहे आणि ती छापून आली त्या दिवसापासून थोडी खोटी आहे. सहावीही तशीच होती. पाचवी मात्र जाणूनबुजून खोटी होती, आणि तो खोटेपणा माझा होता.

दारव्ह्याला आमचं घर. बाबा तलाठी होते, आता निवृत्त. यवतमाळ जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या सजांवर त्यांची नोकरी झाली, पण बिऱ्हाड दारव्ह्यातून हललं नाही, त्यामुळे बाबांच्या कॅसेटींना बदल्यांचा त्रास झाला नाही. आधी व्हीसीआरच्या कॅसेटी जमल्या, एकीत तीन तासांचा ऐवज. मग सीड्या आल्या, मग डीव्हीड्या. सीडीत जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा मावतो, म्हणून एका हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन सीड्या लागायच्या. आमच्या 'शोले'ची तिसरी सीडी फार पूर्वी कुणीतरी नेली ती परत आली नाही. आमच्या घरात गब्बर अजून मोकळाच आहे.

बाबा सिनेमे फुकट द्यायचे. वहीत नाव लिहायचं, सही करायची, घेऊन जायचं. छापील यादीचं मात्र त्यांनी २००३ मध्ये मनावर घेतलं. त्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मांना आग लागली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. बातमी वाचून बाबा आईला म्हणाले, "काय जळलं हे त्यायले समजलं कसं असन? यादी असन म्हणूनच ना!" आपल्याकडे काय काय आहे हे आपल्या वहीत आहे आणि वही आपल्याच कपाटात आहे, म्हणजे जळलं तर दोन्ही एकदमच जळणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याच उन्हाळ्यात डीटीपी सेंटरवरून पहिली आवृत्ती निघाली. २१२ नोंदी, स्पायरल बाइंडिंग, दहा प्रती. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, साल, भाषा, प्रकार, नग, शेरा. दहापैकी नऊ प्रती त्यांनी वाटून टाकल्या. ओळखीचे शिक्षक, कोतवाल, दवाखान्यातले कंपाउंडर, दिग्रसचे एक निवृत्त मास्तर.

दर दिवाळीला पुरवणी निघायची. दोन-तीन पुरवण्या झाल्या की नवी आवृत्ती. पण जुनी आवृत्ती कुणी परत देत नाही. म्हणजे एका वेळी तालुक्यात आमच्या घराबद्दलची तीन-चार वेगवेगळी सत्यं फिरत असायची.

आता पाचव्या आवृत्तीबद्दल. २००९ मध्ये मी अमरावतीच्या हॉस्टेलवर राहायला गेले तेव्हा 'सामना'च्या सीड्या सोबत नेल्या. जब्बार पटेलांचा १९७५चा सिनेमा, तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले आणि लागू समोरासमोर. मैत्रिणींना दाखवायचा होता. दाखवलाही. मग खोली बदलली, सामान हललं, आणि त्यात सीड्या गेल्या. वहीत मी नाव लिहिलं नव्हतं. घरच्या माणसानं कशाला लिहायचं? २०१०च्या दिवाळीत पाचवी आवृत्ती मीच टाइप केली. बाबा एकेक नाव वाचत होते, मी बटणं दाबत होते. 'सामना' आला. ते म्हणाले, "सीडी, दोन नग." मी टाइप केलं, दोन नग.

पुढच्या उन्हाळ्यात दिग्रसचे मास्तर एसटीनं आले. हातात आमचीच यादी, पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ. भर दुपारचे दोन वाजलेले. त्यांच्याकडे नातू आला होता, त्याला निळू फुले दाखवायचे होते. बाबांनी कपाट उघडलं. मग दुसरं. मग पलंगाखालची पेटी. दीड-दोन तास हा माणूस घामाघूम होऊन स्वतःच्याच घरात शोधत होता, आणि मी त्यांना पाणी नेऊन देत होते. मास्तर म्हणत राहिले, राहू द्या हो, नसन तर नसन. ते गेल्यावर बाबा बराच वेळ ओसरीवर बसले. मग म्हणाले, "आपण नाही बोलावलं त्यायले. यादीनं बोलावलं."

मी तेव्हाही काही बोलले नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. तोंडी खोटं बोललेलं त्या खोलीपुरतं असतं. बोलणारा समोर असतो, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळू शकतं. यादी मात्र आपल्या माघारी बोलते. मी झोपलेली असते, परीक्षेला बसलेली असते, आणि तिकडे दिग्रसमध्ये 'सामना, दोन नग' ही ओळ कुणाला तरी सांगत असते की या, आहे. मी ते एकदाच टाइप केलं, पण ती ओळ वर्षभर रोज तेच बोलत होती. मग मी खोटं एकदा बोलले की तीनशे पासष्ट वेळा? कायद्यात याचं काही उत्तर असेल. माझ्यापुरतं उत्तर असं, की मास्तर ज्या दिवशी एसटीत बसले त्या दिवशी मी ते पुन्हा बोलले, कारण त्या दिवसापर्यंत मला ते थांबवता येत होतं. एक फोन पुरला असता.

पण न बोलता, कुणाचीही लबाडी नसताना यादी खोटी होतेच, त्याचं काय? ही जुनी अडचण आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात पानिझ्झी नावाचा ग्रंथपाल होता. १८४१ मध्ये त्यानं सूची करण्याचे ९१ नियम काढले. विश्वस्तांना छापील सूची हवी होती, त्याला नको होती. सगळं काम पुरं होण्याआधी छापायला घेतलं तर सूची अर्धवट आणि शिळी निघणार, हे त्याला दिसत होतं. 'ए' या अक्षराचा एक खंड छापून ते काम थांबलंच. पुढे तिथे नोंदींच्या चिठ्ठ्या कोऱ्या पानांवर चिकटवत गेले, मध्ये जागा सोडून, म्हणजे नवीन पुस्तक आलं की चिठ्ठी सरकवता येईल. उलट आपल्याकडे शंकर गणेश दाते. त्यांनी ग्रंथालयं पालथी घालून 'मराठी ग्रंथसूची' केली. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. मला या दोन तारखांचं कौतुक वाटतं. 'मराठीतली सगळी पुस्तकं' असं ते म्हणत नाहीत. इथपासून इथपर्यंत, एवढ्याचा मी जबाबदार, असं म्हणतात. शिळी झाली तरी ती सूची खोटी होत नाही.

मास्तर येऊन गेल्यावर बाबांनी नेमकं हेच केलं. दात्यांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तारीख घालायची सवय मात्र होती. सहाव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात छापलं: ही यादी अमुक तारखेची आहे, येण्याआधी फोन करावा. माझ्या मते ही अर्धीच सुटका आहे. तारीख घातली की पुढचा सगळा भार वाचणाऱ्यावर जातो. फोन केला नाही ना, मग तुमची चूक. सरकारी कार्यालयात हा आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे.

२०२०च्या टाळेबंदीत मी चार महिने घरी होते. म्हटलं, आता हे एकदाचं नीट करू. एक्सेल उघडलं, सहावी आवृत्ती भरली आणि एकेक सीडी लावून बघायला सुरुवात केली. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ला टेकतो आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. कॅसेटींना बुरशी लागलेली, घरी कॉपी केलेल्या सीड्यांचा वरचा थर सुटलेला. व्हीसीआर तर बंदच पडला होता आणि नवा घेणार कुठून? जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणारी जपानी कंपनी २०१६ मध्येच थांबली. ६४०पैकी दोनशेच्या वर नोंदी निकामी निघाल्या. मी त्या ओळी निवडल्या आणि डिलीट केल्या. अनुक्रमांक आपोआप बदलले. यादी पहिल्यांदाच शंभर टक्के खरी झाली. कपाटात जे आहे तेच कागदावर, आणि कागदावर आहे ते चालतं. प्रिंट काढून मोठ्या अभिमानानं बाबांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"'पिंजरा' काहून नाही यात?"

"चालत नाही बाबा. बुरशी लागली."

"मग खोडाचं होतं."

"खोडलंच ना."

"तू खोडलं नाही," ते म्हणाले, "तू पुसलं."

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही, पण शहरातल्यांसाठी सांगते. जमीन विकली किंवा मालक वारला की तलाठी आधी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद घालतो. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. जुनं नाव? हाताच्या सातबाऱ्यावर त्याला कंस करायचे. नाव तसंच राहायचं, वाचता यायचं, फक्त दोन्ही बाजूंनी कंस आणि शेजारी फेरफाराचा नंबर. त्या नंबरावरून मागे गेलं की कळतं, जमीन कुणाची होती, कशी गेली. कंसातलं नाव मालक नसतं, पण तो कधी नव्हताच असंही कुणी म्हणू शकत नाही. ज्या जिल्ह्यात जमिनीपायी एवढं सोसलं गेलंय, तिथे या दोन कंसांना किती किंमत आहे हे बाबांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं. आजोबांचं नाव कंसात सापडलं म्हणून रडणारी माणसं त्यांनी पाहिली होती.

मी वाद घातला. म्हटलं, ही जमीन नाही, सीड्या आहेत. कुणाचा वारसाहक्क बुडतोय? माणसाला सिनेमा बघायचा आहे, त्याला दोनशे मेलेल्या नावांतून कशाला फिरवायचं? अजूनही हा मुद्दा मला पटतो. यादी ही वापरायची वस्तू आहे, श्राद्ध नव्हे.

पण मग 'आलम आरा'चं काय करायचं? भारतातला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ला मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत ठाऊक नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर यांनाही ती मिळाली नाही. माझ्या नियमानं भारतीय सिनेमाच्या यादीतून 'आलम आरा' डिलीट व्हायला हवा, कारण तो कपाटात नाही. तो यादीत आहे म्हणून तर कुणी शोधतंय. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चारपैकी पहिली आणि शेवटची रिळं उरली आहेत. मधली दोन नाहीत हे आपल्याला कळतं, कारण चार होती हे कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे.

आता हे तुम्ही ज्या फोनवर वाचताय त्यातलं कुठलंही सिनेमांचं ॲप घ्या. त्याची यादी कायम ताजी असते. करार संपला की रातोरात सिनेमा जातो आणि त्या जागी दुसरा येऊन बसतो. कंस नाही, शेरा नाही. गेल्या महिन्यात इथेच होता ना, असं आपण म्हणतो आणि आपल्यालाच शंका येते. २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांनी विकत घेतलेल्या ई-पुस्तकाच्या प्रती त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या. पुस्तक कोणतं, तर ऑर्वेलचं '१९८४', ज्यातला नायक जुनी वर्तमानपत्रं बदलण्याचीच नोकरी करतो. पैसे परत मिळाले, कंपनीनं माफीही मागितली. मला खटकतं ते वेगळंच. माझी एक्सेलची यादी त्या ॲपसारखी झाली होती. तिला कालचा दिवसच नव्हता, म्हणून तिला कुणी काही विचारू शकत नव्हतं. मीसुद्धा. त्या दोनशे ओळींबरोबर 'सामना'ही गेला होता, आणि खरं सांगायचं तर ते बटण दाबताना मला हलकं वाटलं होतं.

सातवी आवृत्ती मग दोन भागांत निघाली. पुढे चालणारे सिनेमे, मोठ्या अक्षरात, घाईतल्या माणसासाठी. मागे पहिल्या आवृत्तीपासूनचे सगळे जुने क्रमांक, गेलेल्यांना कंस, आणि शेऱ्यात कारण: बुरशी. तडा. नेली, परत नाही. नेणारा वारला, मागितली नाही. या शेवटच्या शेऱ्याचे अकरा सिनेमे आहेत. लोक आता सिनेमासाठी येत नाहीत, पण यादीची प्रत न्यायला तिघं-चौघं आले, आणि त्यांनी मागचाच भाग आधी उघडला. अर्थात तीही छापली त्याच आठवड्यात शिळी झाली. 'जैत रे जैत'ची सीडी अडकायला लागली आहे. तिला कंस करायचा की अजून वाट पाहायची, यावर घरात एकमत नाही.

'सामना'चा शेरा मी छापताना कोरा ठेवला होता. प्रती आल्यावर एका संध्याकाळी घरच्या प्रतीत पेननं लिहिला: २००९ मध्ये मुलीनं अमरावतीला नेली, तिच्या हातून हरवली, २०१०च्या यादीत तिनंच खोटी नोंद केली. खाली सही केली आणि पान उघडं ठेवून वही बाबांसमोर सरकवली. दिग्रसचे मास्तर तोवर राहिले नव्हते.

बाबांनी वाचलं. दोनदा वाचलं. आईला हाक मारली, तिनंही वाचलं. ती म्हणाली, मले तेव्हाच वाटलं होतं. बाबांनी पेन उचललं, मी म्हटलं आता कंस करतील. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"पंधरा दिवस थांबा लागते," ते म्हणाले. "कोनाची हरकत आली तर?"