समता सिद्ध करायची की मानायची?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत, दीक्षाभूमीजवळच्या एका पुस्तकांच्या स्टॉलपाशी भाचीनं विचारलं, "सगळी माणसं सारखीच असतात, हे विज्ञानानं सिद्ध केलंय नं मामा?" मी जीवशास्त्र शिकवतो. उत्तर तयारच होतं : कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. तिला ते पटलं. मलाच पटेना.

समजा, उरलेल्या ०.१ टक्क्यात उद्या कुणी बुद्धीचा फरक दाखवला, तर? समता रद्द?

याच प्रश्नाला भिडणारं पुस्तक समोर रचलेलं होतं. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि न झालेलं भाषण. बाबासाहेबांनी ते १९३६ साली स्वतःच छापलं. जातीमुळे वंश शुद्ध राहतो, असा युक्तिवाद तेव्हा विज्ञानाच्या नावानं होत असे. बाबासाहेब त्याला विज्ञानाच्याच आखाड्यात गाठतात. आनुवंशिकीतल्या बेटसनचा दाखला देतात, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातलाच चर्मकार यांच्यात वंशाचा फरक तो कोणता, असं विचारतात.

पण समतेपाशी आल्यावर ते हा मार्ग सोडतात. आनुवंश, घरातून-समाजातून मिळालेला वारसा आणि स्वतःचे प्रयत्न, या तिन्ही बाबतींत माणसं असमान असतात, हे ते सरळ मान्य करतात. (आमच्या विज्ञानवादी मित्रमंडळात हे वाचून दाखवलं की दोघे-तिघे अस्वस्थ होतात.) आणि तरीही समता हेच तत्त्व धरून चालायचं, असं म्हणतात. पहिल्या दोन गोष्टी कुणाच्याच हातात नसतात; त्यावरून वागणूक ठरवली, तर जन्मानंच पुढे असलेले शर्यत जिंकणार. हे कुठल्या प्रयोगशाळेत सापडलेलं नाही. हा विचार करून घेतलेला निर्णय आहे.

१९५० साली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या सहा वर्षं आधी, धर्म कसा असावा हे लिहिताना त्यांनी विज्ञानाशी सुसंगती ही अट घातलीच. पण शेजारी स्वातंत्र्य, समता, बंधुता मानण्याची अटही ठेवली. पहिलीतून दुसरी आपोआप निघत असती, तर ती वेगळी लिहावी लागली नसती.

घरी जाताना हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मग ९९.९ कशाला सांगितलं?"

"खरं आहे म्हणून."

"आणि खोटं निघालं असतं तर?"

"तर तेही सांगितलं असतं. आणि तुझ्या वर्गातल्या कुणाशीही तू आत्ता वागतेस तशीच वाग म्हणालो असतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "पण ते मला का पटावं?"

ऑटो अजनीपर्यंत पोचली तरी आम्ही तिथंच होतो.